राहिलेले सहा रोजे

आमच्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच मुली आईला अम्मी म्हणायच्या. मी मात्र आईच म्हणायचे, आणि वडलांना बाबा, शेजारच्या वाडीतल्या मुलींसारखं. घर चिऱ्याचं, कौलारू. पुढे पडवी, आणि मागच्या दारातून उतरलं की वीस पावलांवर खाडी. घरात आम्ही चौघं होतो. आई, बाबा, मी आणि बाबांची थोरली विधवा बहीण. तिला सगळा मोहल्लाच फुफू म्हणायचा, कारण निम्म्या मुलींना कुराण तिनेच शिकवलं होतं. तिच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, पण कोणत्या मुलीने वाचताना जेर-जबरच्या खुणा चुकवल्या ते तिला मागच्या पायरीवर बसूनही कळायचं. बाबा मासेमारीच्या लाँचवर खलाशी होते. लाँच खाडीत शिरली की तिच्या इंजिनाचा आवाज मला घरात ओळखू यायचा. इतर लाँचींपेक्षा ती थोडी अडखळत यायची, दोन ठोके आणि मग एक चुकल्यासारखा. तो आवाज ऐकला की आई चुलीवर भाताचं आधण ठेवायची.

नमाजीच्या बाबतीत मी आळशी होते, हे आज या वयात कबूल करायला हरकत नाही. दुपारची जोहर कशीबशी व्हायची, संध्याकाळची मगरीब फुफूच्या धाकाने व्हायची, पण पहाटेची फजर म्हणजे रोजचं भांडण. फुफू हाका मारून थकायची. बाबा घरी असले की म्हणायचे, "झोपू दे गो तिला. मोठी झाली की आपोआप उठेल." फुफू म्हणायची, "आपोआप गवत उगवतं. नमाज उगवत नाय." बाबा स्वतः फार नेमाने पढणारे नव्हते. लाँचवर जमेल तशी, आणि घरी असले की शुक्रवारची, एवढंच. त्यामुळे त्यांच्या बाजूला राहिलं की मला सूट मिळायची. सगळ्यांत नेमाची होती आई. हातात कितीही काम असो, अजान झाली की ती नमाजीआधी हातपाय-तोंड धुवायला, वजूला बसायची आणि तव्यावरची भाकरी मला परतायला सांगायची. तिची नमाज छोटी, झपझप, पण चुकायची नाही. पंधरा वर्षांत मी तिची एकही नमाज चुकलेली पाहिली नव्हती.

त्या वर्षी रमजान उन्हाळ्यात येणार होता, ऐन आंब्याच्या दिवसांत. तो सुरू व्हायला आठ-दहा दिवस असताना बाबांची लाँच गेली. वैशाखातलं वादळ होतं. दुपारी तीन वाजता आकाश काळं झालं, माडांच्या झावळ्या एका बाजूला ओढल्यासारख्या वाकल्या, तासाभरात सगळं पुन्हा स्वच्छ झालं आणि ऊन पडलं. बाहेर समुद्रात लाँच उलटली होती. सहाजणांतले चौघं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका लाँचीतून परत आले. दोघं आले नाहीत. त्यांतले एक माझे बाबा. परत आलेल्यांपैकी एकजण आमच्या पडवीत बसला, त्याच्या हाताची सालं निघाली होती. तो आईला म्हणाला, "भाभी, मी त्यांना फळी धरलेली बघितली. माझ्या डोळ्यांनी बघितली. मग लाट आली." आईने त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि विचारलं, "दोन्ही हातांनी धरली होती?" तो स्वतःच्या सोललेल्या हातांकडे बघत म्हणाला, "दोन्ही हातांनी."

त्या दोन हातांवर आमचं घर पुढचा महिनाभर उभं होतं. कोणी म्हणायचं, मोठी जहाजं माणसांना उचलतात आणि थेट परदेशी बंदरात उतरवतात, तिथून खबर यायला दिवस लागतात. कोणी आणखी काही सांगायचं. माझा मामू, आईचा धाकटा भाऊ, सायकल घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने निघाला. गाव आलं की विचारायचं, पोलीस चौकी आली की विचारायचं, आणि दोन-चार दिवसांनी परत यायचं. तो दारात आला की आई त्याच्या तोंडाकडे बघायची आणि काही न विचारता आत जायची. घरात मासा यायचा बंद झाला. शेजारच्या बायका सवयीने कोळंबी, बांगडे घेऊन यायच्या, आई ते हातात घ्यायची नाही. फुफू गुपचूप परत पाठवायची. त्या समुद्रातलं काही आई तोंडात घालणार नव्हती, आणि का, ते आम्हा दोघींना कळत होतं.

आणि आईने नमाज सोडली. तिने तसं काही सांगितलं नाही. लाँच गेल्याला तीन-चार दिवस झाले असतील, अजान झाली आणि ती मागच्या पायरीवर खाडीकडे तोंड करून बसली होती ती बसलीच राहिली. मला वाटलं, विसरली असेल. मगरीबलाही तेच. फुफूने दोन दिवस वाट पाहिली, मग म्हणाली, "हालीमा, अशा वेळी मुसल्ला सोडतात काय?" फुफू पुन्हा बोलली तेव्हा आई उठून विहिरीवर निघून गेली.

चंद्र दिसला त्या संध्याकाळी मोहल्ल्यात नेहमीसारखी गडबड नव्हती, निदान आमच्या घरापुढून जाताना लोक आवाज खाली करायचे. फुफूने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "या महिन्यात मागितलेलं रिकामं जात नाय. बापासाठी माग." ती सहज बोलली, दरवर्षीच बोलायची. मी ते वचन म्हणून घेतलं. मी मनातल्या मनात अल्लाशी ठरवलं, की तीस रोजे आणि दिवसाच्या पाच नमाजी, एकही चुकवणार नाही, एकही उशिरा पढणार नाही, आणि ईदच्या दिवशी बाबा घरी पाहिजेत. दाराच्या मागे कोळशाने पाच उभ्या रेघांचे गट मारायचे असंही ठरवलं. पंधरा वर्षांची मुलगी होते मी. अल्ला असल्या सौद्यात बसत नाही हे सांगायला मला कोणी नव्हतं, आणि ज्याला सांगावं असं वाटलं असतं तो माणूसच बेपत्ता होता.

आज माझी नात मोबाईलवर नमाजीच्या खुणा करते. पाचही झाल्या की पडद्यावर हिरवं फूल उमलतं. मला दाखवते आणि मी शाबासकी देते. पण दर वेळी मला दारामागच्या कोळशाच्या रेघा आठवतात.

सवय कशी लागते हे मी त्या महिन्यात शिकले. सुरुवातीचे दिवस वाईट होते. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली, पोहऱ्यात गढूळ पाणी यायचं, वजू एका तांब्यात करावी लागायची. जोहरपर्यंत ओठ चिकटायचे, तिसऱ्या प्रहरी असरला डोळ्यांपुढे काजवे. रुकूत वाकून पुन्हा उभी राहताना भिंत धरावी लागायची. मग मी एकेक नमाज एकेका कामाला बांधून टाकली. फजर झाली की अंगण झाडायचं. जोहरआधी नारळ खोवून ठेवायचा. असर झाली की इफ्तारीच्या सांदणांचं पीठ फेटायला घ्यायचं. काम आलं की नमाज आठवायची, नमाज झाली की काम. आठव्या-नवव्या रोज्याला पहाटेच्या सहेरीच्या जेवणासाठी फुफूने हाक मारायच्या आधीच माझे डोळे उघडू लागले. पायांना आपोआप वजूच्या दगडाकडे जायची सवय झाली. आणि एक गोष्ट मी तेव्हा कोणालाच सांगितली नाही. मला बरं वाटू लागलं होतं. कपाळ चटईला टेकलं की डोक्यातलं पाणी, लाटा, फळी, सगळं क्षणभर थांबायचं. बाप सापडत नसताना मला बरं वाटतंय याची मला लाज वाटायची, म्हणून मी जास्तीच्या नमाजीच्या, नफलच्या, आणखी दोन रकात पढायचे.

आई रोजे धरत होती. इफ्तारीला ती खजूर तोंडात टाकायची, नारळाच्या रसातल्या शेवया आम्हाला वाढायची, स्वतः दोन घास खायची आणि पुन्हा मागच्या पायरीवर जाऊन बसायची. मी नमाजीचा मुसल्ला अंथरला की ती माझ्याकडे बघायची. त्या बघण्यात कौतुक नव्हतं. काय होतं ते मला पुढे पावसाळ्यात, ती बोलली तेव्हा कळलं.

एकोणिसाव्या रोज्याला सकाळी माझी पाळी आली. वर्षभरापासून येत होती, पण कधी दीड महिन्याने, कधी दोन महिन्यांनी, आणि मी मनाशी धरून चालले होते की यंदा रमजान पार पडेल. नियम मला पाठ होता, फुफूनेच शिकवला होता. त्या दिवसांत नमाज नाही, रोजा नाही. नमाजी माफ, रोजे नंतर भरून काढायचे. यात बाईचा काही गुन्हा नाही, असंही तिने सांगितलं होतं. पण माझा करार तीस रोज्यांचा होता. चोवीस आणि सहा नंतर, असा नव्हता. न्हाणीत उभी राहून मी बराच वेळ विचार केला, आणि कोणाला काही न सांगता जोहरला मुसल्ल्यावर जाऊन उभी राहिले.

ओठ हलत होते आणि आतून मी म्हणत होते, बघू नकोस, बघू नकोस. कुराणाला मी हात लावला नाही, तेवढी हिंमत झाली नाही. फुफूला सांगितलं की डोळे दुखतात. पोट दुखायचं, पाण्याचा थेंब नाही, उन्हाने डोकं भणभणायचं. आधीच्या अठरा दिवसांत कपाळ टेकल्यावर जे थांबायचं ते आता थांबत नव्हतं. उलट तिथेच सगळं जास्त जोरात यायचं. तरी मी दारामागे रेघा मारत होते. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी, बाविसाव्या रोज्याला, मी असर पढत होते तेव्हा आई आत आली. लाकडांच्या माचीमागे मी कपडा वाळत टाकला होता, तो तिच्या हातात होता.

"उतर खाली," ती म्हणाली.

मी कपाळ टेकलेल्या सजद्यातून उठले पण मुसल्ल्यावरून उतरले नाही. तिने माझा दंड धरून मला ओढलं. लाँच गेल्यापासून तिने मला हात लावला नव्हता.

"कधीपासून?"

"एकोणिसाव्यापासून."

"आणि तू रोजे धरतेस? नमाज पढतेस?"

मी सांगून टाकलं. तीस रोजे, पाच नमाजी, ईदचा दिवस, सगळं. दाराआडच्या रेघाही दाखवल्या. तिने त्या रेघा वरपासून खालपर्यंत पाहिल्या. मला वाटलं, आता जवळ घेईल. ती माठाकडे गेली आणि तांब्या भरून आणला.

"पी."

"आई, तीन तास राहिलेत रोजा सुटायला."

"तुझा रोजा नाय हा. पी."

"नको ना आई."

"तुझ्या उपाशी पोटावर तुझा बाप तरंगतोय काय? पी म्हणते ना."

मी प्याले. ती समोर उभी राहून बघत होती. प्रत्येक घोट घेताना मला वाटत होतं, हे पाणी बाबांच्या तोंडात जातंय. तांब्या रिकामा झाला, तिने तो माझ्या हातातून घेतला, मुसल्ला घडी करून खुंटीवर टाकला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. फुफू दारात उभी होती. ती मला एवढंच म्हणाली, "बस गो. खाली बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामू आला. या वेळी तो सायकल ठेवून, तरीने खाडी ओलांडून गुहागरच्या बाजूला गेला होता. एसटी स्टँडवरून उन्हात चालत आला होता, पायांत चप्पल नव्हती, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि या वेळी ती आत गेली नाही. त्याने कागद पडवीत ठेवला आणि उघडला. चौकड्यांच्या शर्टाचा अर्धा तुकडा होता, मिठाने कडक झालेला. खिसा दुसऱ्या कापडाचा होता, निळ्या. जुना खिसा फाटला तेव्हा माझ्या शाळेच्या जुन्या स्कर्टचं कापड आईने लावलं होतं. तिने त्या खिशाच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"माझेच टाके," ती म्हणाली.

मामू बोलू लागला, पोलिसांनी काय सांगितलं, तिथल्या मोहल्ल्यातल्या लोकांनी मय्यत कशी उचलली. मी ऐकायला थांबले नाही. मागच्या दाराने उतरून खाडीच्या चिखलात गुडघाभर जाऊन उभी राहिले. मला फक्त एकच हिशेब दिसत होता. काल असरला मी पाणी प्याले आणि आज दुपारी बाबा मेले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बायका आल्या, मशिदीतून मौलवीसाहेब आले. त्यांनी मय्यत समोर नसताना पढतात ती गायबाना नमाज पढवली आणि आईला दाराआडून सांगितलं की नवरा गेल्यावर बाईने पाळायच्या इद्दतीचे दिवस खबर आली तेव्हापासून नाहीत, लाँच बुडाली त्या दिवसापासून मोजायचे. आईने आतून विचारलं, "म्हणजे मी महिनाभर बेवाच होते?" मौलवीसाहेब म्हणाले, "होय बहन." ईद आली. शेजारून शीरखुर्मा आला, तो वाटीतच राहिला. ईदच्या आधीच माझी पाळी संपली होती, मी न्हाले, उरलेले रोजे घरात सगळे धरतात म्हणून धरले, पण नमाज पढले नाही. मला वाटायचं, ज्या मुसल्ल्यावर उभं राहून मी त्याला फसवायला गेले तिथे कोणत्या तोंडाने उभी राहू. आता घरात दोघीजणी नमाज न पढणाऱ्या झालो. फुफू एकटी पढायची, आणि तिचा आवाज आधीपेक्षा मोठा झाला होता.

पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. कौलं गळत होती, आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. इद्दतीत असल्याने ती घर सोडून बाहेर पडत नव्हती. तिने मान वर न करता विचारलं, "तुझे किती राहिले?"

"सहा."

"उद्यापासून धर. माझेही तेवढेच आहेत. बरोबर धरू."

"मी धरणार नाय."

"का?"

खूप दिवस मनात धरून ठेवलेलं मी बोलले. "मी पाणी प्याले म्हणून बाबा गेले. तू पाजलंस."

तिचे हात थांबले. तिने सूप बाजूला ठेवलं. "मामू सांगत होता तेव्हा तू कुठे होतीस?"

"मागे."

"म्हणजे तू ऐकलंच नाय." ती माझ्याकडे सरकून बसली. "जमिला, ते किनाऱ्याला लागले तेव्हा रमजान लागलाच नव्हता. चंद्र दिसायच्या चार दिवस आधी त्या लोकांनी त्यांना दफन केलं. तू पहिली फजर पढलीस तेव्हा ते मातीत होते. तुझ्या पहिल्या रोज्याला मातीत होते, बाविसाव्याला मातीत होते. तुझ्या पाण्याने कोणी मेलं नाय. तुझ्या नमाजीने कोणी वाचणार नव्हतं."

मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. इतके दिवस मी स्वतःला खुनी समजत होते, आणि आता कळत होतं की मी कोणीच नव्हते. त्या महिन्यात मी जे काही केलं त्याचा बाबांशी काही संबंधच नव्हता. त्यातलं काय जास्त वाईट, हे मला त्या वेळी ठरवता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही येत नाही.

मग आई बोलली, खाडीकडे बघत, माझ्याकडे नाही. "मी नमाज का सोडली, ठाऊक आहे? तिसऱ्या दिवशी मी सजद्यात होते. सगळे मागत होते, त्यांना जिवंत आण. माझ्या तोंडून निघालं, जिवंत नसतील तर नसू देत, पण मढं दे. मला बघू दे, ही वाट बघणं बंद कर. मग माझी मलाच शिसारी आली. दुवा मागताना नवऱ्याचं मढं मागणारी बाई मुसल्ल्यावर कशी उभी राहणार?" तिने सूप जवळ ओढलं. "आणि माझीच कबूल झाली. बघायला मिळालं नाय, पण झाली. तुझी नाय झाली. आता सांग, दोघींत मोठी गुन्हेगार कोण?"

फुफू आतल्या खोलीत होती, तिने नक्की ऐकलं असणार, पण ती बाहेर आली नाही. आईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि राहिलेले तांदूळ निवडून संपवले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही राहिलेले, कजा रोजे धरले. मोहल्ल्यात बाकी सगळे जेवतखात होते. सहेरीला जागवत कोणी गल्लीतून जात नव्हतं, इफ्तारीचा भोंगा नव्हता, पावसात कधी कधी अजानही नीट ऐकू यायची नाही. उजेड गेला असं वाटलं की फुफू मान हलवायची आणि आम्ही खजूर तोंडात टाकायचो. पहिल्या दिवशी मी जोहरला उठले. ठरवून नाही, नारळ खोवून झाला आणि पाय वजूच्या दगडाकडे गेले. काही मागायचं नव्हतं, कोणाला काही द्यायचं नव्हतं. कपाळ टेकलं आणि तसंच थोडा वेळ ठेवलं. मला आज गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून नमाज पढावी लागते, आणि लोक विचारतात, एवढा नेम कधी लागला. मी म्हणते, लहानपणी, रमजानात. ते खरं नाही. तो लागला त्या सहा दिवसांत, रमजान संपल्यावर.

पाच दिवस आई तिच्या पायरीवरून मला बघत राहिली. सहाव्या संध्याकाळी खजूर खाऊन झाल्यावर मी मगरीबसाठी मुसल्ला अंथरला, तेव्हा ती आली, ओल्या हातांनी डोक्यावर पदर ओढून घेतला आणि माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली. तिची नमाज पूर्वी झपझप असायची. त्या दिवशी ती इतकी सावकाश होती की मला तिच्यासाठी थांबावं लागलं. सलाम फेरून झाल्यावर आम्ही दोघींनी दुवेसाठी हात वर केले. मी वाट पाहिली, आई काय मागते ते तिच्या ओठांवरून कळेल म्हणून. तिचे ओठ हलले नाहीत. माझेही हलले नाहीत. कौलांवर पाऊस पडत होता. हात दुखेपर्यंत आम्ही तशाच बसलो, मग आईने तळवे तोंडावरून फिरवले आणि उठता उठता म्हणाली, "चल, भात निवतोय."